आयरे मास्तरांचा आरामशाह

दिल्लीच्या गादीवर कधीकाळी आरामशाह नावाचा एक तुर्क सुलतान होऊन गेला, हे ज्याला माहीत नाही तो आमच्या सिल्वासाजवळच्या सामरवरणीत नवा आलेला समजावा. आमच्याकडे कंपनीत धागा ओढणारा, भाजीची गाडी लावणारी बाई, वापीच्या रिक्षा मारणारा, कोणालाही विचारा. अकबराचा बाप कोण म्हटलं तर डोकं खाजवतील. पण आरामशाह म्हटलं की उलट तुम्हालाच विचारतील, "तुम्ही लाहोरवाले की दिल्लीवाले?"

हे सगळं आयरे मास्तरांचं काम.

गणपती मंडळाच्या पोरांनी मला सांगितलं, "दौलतभाऊ, यंदा पुस्तिका काढतोय, मास्तरांवर चार ओळी द्या." मी म्हटलं, चार ओळींत मावणारा माणूस असता तर तुमच्या अध्यक्ष देवरेशेठनेच लिहिला असता, मी कशाला? मी चौथी पास, तीही पारोळ्याकडची चौथी. पण मास्तरांच्या भिंतीला भिंत लावून मी इतकी वर्षं राहिलो. तेव्हा मीच लिहिणार आणि मला पाहिजे तेवढं लिहिणार. शुद्धलेखन कोणाला तपासायचं असेल त्याने खुशाल तपासावं. मजकुराला हात लावू नये.

मास्तर मूळचे गुहागरकडचे. सिल्वासाच्या सरकारी शाळेत मराठीच्या वर्गांना इतिहास शिकवायला आले आणि इथलेच झाले. माणूस बुटका, इतका की चाळीच्या सामाईक दोरीवरचे कपडे काढायला त्यांना विटेवर उभं राहावं लागे. आवाज मात्र दोन माणसांना पुरेल एवढा. शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी आमसुलं. बोलून बोलून घसा सुकला की एक तोंडात टाकायचे, त्यामुळे खिशावर कायम एक जांभळा डाग. नवा शर्ट घेतला की पहिल्याच दिवशी डाग पडायचा. मग म्हणायचे, "झाला आता हा माझा."

ते खुर्चीत बसत नसत. शाळेत नाही, घरात नाही, कोणाच्या लग्नात तर नाहीच. उभे राहायचे, नाहीतर उकिडवे बसायचे. आमची मंडळी त्यांच्यासाठी मुद्दाम पाट मांडायची, तर म्हणायचे, "वहिनी, पाट माणसाला आळशी करतो."

आणि दुसरी एक सवय, जी मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. गोष्ट सांगताना त्यातला राजा मेला की मास्तर पायातल्या चपला काढायचे. हिंदू असो, मुसलमान असो, चांगला असो की हरामखोर. "मेलेल्या माणसापुढे पायात काही नको," असं त्यांचं म्हणणं. एप्रिलच्या दुपारी, कंपनीच्या गेटसमोरच्या डांबरी रस्त्यावर त्यांनी एकदा एका घराण्यातले लागोपाठ तीन सुलतान मारले. शेवटच्याला ते एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होते, पण चपला घातल्या नाहीत. शेवटी टपरीवाल्या रमणभाईने बादलीभर पाणी त्यांच्या पायाखाली ओतलं आणि म्हणाला, "मास्तर, हवे कोईने जीवतो राखो!" म्हणजे आता एखाद्याला तरी जिवंत ठेवा.

ती टपरी म्हणजे मास्तरांची दुसरी शाळा. आमची कंपनी कृत्रिम धाग्याची. भोंगा झाला की एक पाळी बाहेर आणि दुसरी आत. त्या वेळेला मास्तर शाळा सुटून टपरीवर आलेले असत. सुटलेली माणसं चहाला थांबत, आत जाणारी भोंग्याआधी घोटभर घेत, आणि मास्तर मध्ये उभे राहून इतिहास सांगत. सगळी माणसं धुळे, जळगाव, नंदुरबारकडची. घरापासून लांब, करमणूक मोबाईलची. पण मास्तर सुरू झाले की मोबाईल खिशात जायचे. एकाने एकदा रेकॉर्डिंग लावलं, तर मास्तर त्याला म्हणाले, "भरून ठेवलंत की ऐकणार नाही तुम्ही. बंद करा. ऐका आणि विसरा. मी परत सांगेन."

आरामशाहची गोष्ट त्यांनी अशीच तिथे सुरू केली. मला ती अजून त्यांच्या आवाजात ऐकू येते.

"दिल्लीचा पहिला सुलतान कुतुबुद्दीन ऐबक. हा कोण? गुलाम. बाजारात विकत घेतलेला तुर्क पोरगा. मालकाच्या मर्जीतला झाला, सेनापती झाला आणि मालक गेल्यावर सुलतान झाला."

आमच्यातला भिकन, टेक्श्चर खात्यातला उंच पोरगा, पटकन बोलला, "म्हंजे कंत्राटी लेबर परमनंट झालं!"

मास्तरांनी त्याला तिथेच मिठी मारली. मिठी मारली म्हणजे त्याच्या पोटाला धरलं, वर हात पोचत नव्हता. म्हणाले, "एवढ्या वर्षांत एका पोराने हे वर्गात सांगितलं नाही!"

मग पुढे. ऐबक लाहोरला घोड्यावर बसून चेंडू खेळत होता, घोड्यावरून पडला आणि मेला. मास्तरांनी चपला काढल्या. लाहोरच्या सरदारांनी घाईघाईने आरामशाहला गादीवर बसवलं. हा आरामशाह ऐबकाचा मुलगा होता की नव्हता, ह्यावरसुद्धा विद्वानांचं एकमत नाही. नाव ऐकून पोरं हसली, तर मास्तर म्हणाले, "हसू नका. नावात आराम, नशिबात नाही." इथपर्यंत आलं आणि भोंगा झाला.

आता इथे आमच्या लोकांची जी गंमत झाली, ती दुसरीकडे कुठे होणार नाही. कंपनीत पाळ्या आठवड्याला फिरतात. ह्या आठवड्यात जो दुपारी टपरीवर असतो, तो पुढच्या आठवड्यात रात्रपाळीला, म्हणजे दुपारी घरात पाय ताणून झोपलेला. तर भिकनच्या तुकडीने आरामशाह गादीवर बसलेला ऐकला आणि पुढच्या आठवड्यात ती तुकडी झोपेत. मास्तरांनी पुढचा भाग सांगितला तो दुसऱ्या तुकडीला. दिल्लीच्या सरदारांना हा लाहोरकरांनी बसवलेला सुलतान पसंत नव्हता. त्यांनी बदायूंहून ऐबकाचा जावई अल्तमश ह्याला बोलावलं. अल्तमश आला, दिल्लीबाहेर लढाई झाली, आरामशाह हरला. सगळा कारभार जेमतेम आठ महिन्यांचा.

मग दोन्ही तुकड्या कँटीनमध्ये भेटल्या. एक म्हणते सुलतान गादीवर आहे. दुसरी म्हणते, कसला गादीवर, तो केव्हाच गेला! भिकन म्हणे, "आमच्यासमोर बसवलाय, खोटं बोलू नका." लाहोरवाले आणि दिल्लीवाले अशी नावं पडली ती तेव्हा. एकदा तर डब्यातली भाकरी सोडून हात एकमेकांच्या अंगावर गेले आणि सुपरवायझर, जो बिहारचा, धावत आला. त्याने कारण विचारलं. कोणीतरी सांगितलं, "दिल्ली की गद्दी का झगडा है साहब." त्याला वाटलं निवडणुकीचं चाललंय. म्हणाला, पॉलिटिक्स बाहर करो.

मी त्या वेळी नुकताच कंपनीतून रिटायर झालो होतो, पण टपरी सुटली नव्हती. मी मास्तरांना सरळ विचारलं, "मास्तर, राजा सांगायचा तर जिंकणारा सांगा. हा तुमचा आठ महिन्यांत हरतो. ह्याच्यात आम्ही काय घ्यायचं?"

"दौलतराव, तुमच्या चाळीत एखादा भाडेकरू आठ महिने राहून गेला तर तुम्हाला त्याच्याबद्दल किती माहिती असते?"

"सगळी. भाजीत मीठ किती खातो इथपर्यंत."

"आणि हा दिल्लीचा सुलतान होता हो. पुस्तकात अर्धी ओळ! पोरं त्या ओळीवरून वाचत वाचत पुढे निघून जातात. मला वाटतं, कोणीतरी तिथे जरा थांबावं."

"मग थांबा की. पण जिंकवा त्याला. कोण बघायला येतंय?"

मास्तर माझ्यावर असे चिडले की आमसूल थुंकलं. "जे लिहून ठेवलेलं नाही ते मी सांगणार नाही आणि जे लिहिलंय ते फिरवणार नाही. तुम्ही गोणीभर सोनं दिलंत तरी नाही." मीही हटवादी. म्हटलं, मग मीही तुमच्या हरलेल्या राजाला राजा म्हणणार नाही. चार दिवस आम्ही बोललो नाही. पाचव्या दिवशी त्यांनी भिंतीवर टकटक केली आणि पलीकडून ओरडले, "दौलतराव, कुळथाचं पिठलं केलंय, हरलेल्याच्या हातचं चालेल का?" मी गेलो. मी हरलो असं कोणी समजू नये, मला कुळथाचं पिठलं आवडतं.

मग मास्तरांचं रिटायर व्हायचं वर्ष आलं, आणि पहिल्यांदाच मी त्यांना गप्प पाहिलं.

मराठीचे वर्ग कमी कमी होत चालले होते. मास्तरांच्या जागी नवीन माणूस येणार की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. आणि लोक बोलत होते की जागा रिकामी राहिली तर मराठीची पोरं दुसऱ्या माध्यमात बसवतील. पोरं म्हणजे कोण? आमच्याच कंपनीतल्या माणसांची. आईबापाला गुजराती वाचता येत नाही, पोराला काय विचारणार? मास्तर पायरीवर उकिडवे बसून मला म्हणाले, "माझं काय, मी गुहागरला जाऊन नारळ मोजेन. पण वर्ग कोणाच्या हातात देऊ?"

मी म्हटलं, "आमच्यात हा प्रश्नच नाही. मशीन कधी बंद होत नाही. पाळी संपली तरी पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय ऑपरेटर जागा सोडत नाही. रिलीव्हर आला की त्याला मशीनच्या भोवती फिरवायचं. ही पोझिशन धागा तोडते, ह्या बाजूला तेल गळतं, सगळं दाखवायचं. मग हातातली कात्री त्याच्या हातात. तो म्हणतो, 'घेतला चार्ज.' तेव्हा आपण सुटलो. रिलीव्हर नाही आला तर डबल ड्यूटी. शिव्या द्यायच्या, पण उभं राहायचं."

मास्तर उठून उभे राहिले. "ही पद्धत आहे तुमच्यात? आणि इतकी वर्षं मला सांगितली नाहीत?"

शाळेत त्यांचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं, हेडसरांचे डोळे ओले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर प्रार्थनेला हजर. हेडसर म्हणाले, "आयरे सर, तुमचा निरोप काल झाला हो."

"निरोप झाला. रिलीव्हर कुठाय?"

हेडसर भले गृहस्थ. त्यांनी काय कागद रंगवले ते रंगवले आणि मास्तर बिनपगारी शिकवत राहिले. त्या शालीचं त्यांनी वर्गातल्या टेबलाला कापड केलं.

गणपती जवळ आले तेव्हा मास्तरांनी डाव टाकला. मंडळाचे अध्यक्ष देवरेशेठ. मालेगावकडचे, कंपनीला माणसं पुरवण्याचं कंत्राट त्यांचं. गळ्यात साखळी, पुढे पोट, मागे दोन माणसं. वाईट माणूस नाही, पण आपण मोठे झालो हे रोज सगळ्यांना दिसावं असं त्यांना वाटतं. मास्तर त्यांना म्हणाले, "शेठ, यंदा ऑर्केस्ट्रा नको. नाटक करू. आरामशाह. आणि शिक्षण खात्याच्या साहेबांना पाहुणे म्हणून बोलवा. नाटक झालं की मी त्यांच्याकडे चारचौघांत रिलीव्हर मागणार आहे. चारचौघांत माणूस नाही म्हणत नाही."

शेठनी विचारलं, "त्यात जिंकतो कोण?"

"अल्तमश."

"मग अल्तमश मी."

झालं. शेठ अल्तमश म्हटल्यावर आरामशाह व्हायला कोणी तयार होईना. शेवटी मास्तर स्वतः आरामशाह झाले. भिकनची तुकडी लाहोरची फौज, दुसरी तुकडी दिल्लीची. तलवारी म्हणजे धागा गुंडाळायच्या कागदी नळ्या, त्यावर चंदेरी कागद. दाढ्या रिजेक्ट धाग्याच्या. मास्तरांना काळ्या रंगाची मिळाली नाही म्हणून आरामशाहची दाढी आकाशी होती.

तालमी झाल्या, पण पाळ्यांमुळे दोन्ही फौजा कधी एका वेळी मोकळ्या सापडल्या नाहीत. लाहोर एका आठवड्यात, दिल्ली दुसऱ्या. दोघांनाही मास्तर सांगायचे, "जिवावर उदार होऊन लढा!" लाहोरवाले विचारायचे, "मास्तर, पडायचं कधी?" मास्तरांना त्यांचा तो जोर मोडवत नव्हता. म्हणायचे, "ते दिवशीच दाखवतो." नाटकाच्या रात्रीपुरत्या शेठनी पाळ्या बदलून दिल्या, तर दोन्ही फौजा पहिल्यांदा समोरासमोर आल्या त्या थेट स्टेजवर. पडदा ओढायला मी होतो, म्हणून सगळं जवळून पाहिलं.

मंडप खचाखच. पुढच्या रांगेत साहेब, मुंबईकडचे, इस्त्रीचा शर्ट, घड्याळाकडे लक्ष. त्यांच्या मागच्या रांगेत भिकनची आई, मुद्दाम पारोळ्याहून आलेली.

पहिला भाग झकास झाला. ऐबक खराट्याच्या घोड्यावरून पडला, मास्तरांनी विंगेत चपला काढल्या, गादीवर आले आणि गादीच्या शेजारी उभे राहिले. बसेनात. एका सरदाराने हळूच खुणावलं, तर मोठ्याने म्हणाले, "आठ महिन्यांचं राज्य. बसायला वेळ कुठाय?" मंडप हसला. साहेबसुद्धा हसले. मला वाटलं, मिळाला रिलीव्हर.

मग अल्तमश आला. देवरेशेठनी स्वतःच्या लग्नातली शेरवानी घातली होती, तिची बटणं लागत नव्हती म्हणून वर शेला. तलवार उपसून ओरडले, "लाहोरकरांनो, शरण या!"

भिकन पुढे झाला. "ह्या महिन्यात नाही, शेठ! आठ पुरे व्हायचेत!"

असली टाळी पडली की मंडपाचे बांबू हलले. कंपनीची सगळी माणसं खाली बसलेली. ज्याच्यापुढे रोज गेटवर मान खाली घालायची, तो समोर कागदी तलवार घेऊन उभा. लाहोरची फौज सुटली. दिल्लीच्या पाठीत, डोक्यात, दणादण नळ्या. दिल्लीवाले मागे सरत सरत कडेला गेले आणि एक जण मागच्या पडद्यातून पलीकडे पडला. शेठ दातांत बोलत होते, "पड रे भिक्या, पड. तुला पडायचंय."

"आई बसलीय समोर. नाही पडायचा."

आणि खालून आईचा आवाज आला, "भिका, पडू नको बरं बाबा!"

आता शेठ लाल. मला दिसलं आणि ऐकूही आलं, त्यांच्या तोंडून निघालं, "उद्या गेटवर एकेकाला बघतो." ते नाटकातलं वाक्य नव्हतं. भिकननेही ते ऐकलं. त्याचा हात थांबला, पण मान खाली झाली नाही. शेठ माझ्याकडे बघून पडदा टाकायची खूण करायला लागले. मी दोरी घट्ट धरली. मास्तर सांगतील तेव्हा. साहेबांनी शेजाऱ्याला वेळ विचारली आणि खुर्चीच्या कडेला आले, उठायच्या बेतात.

मी मास्तरांकडे पाहिलं. आकाशी दाढीतला तो एवढासा सुलतान सगळं बघत होता. हरायला निघालेला माणूस आणि फौज त्याला हरू देईना. उद्या भिकन आणि बाकीची पोरं गेटबाहेर उभी, साहेब तोंड फिरवून गेलेले, वर्गात पोरं मास्तरांशिवाय. सगळं त्या वेळी त्यांच्या तोंडावर वाचता येत होतं.

मग मास्तर गादीवर बसले.

हसू नका. जे मास्तरांना ओळखत होते ते सगळे एकमेकांना कोपर मारायला लागले. मास्तर बसले! पोरांच्या हातातल्या नळ्या खाली आल्या. बायका उंच होऊन बघायला लागल्या. आणि मास्तर दोन माणसांच्या आवाजात बोलले, "फौजांनो! भोंगा झाला!"

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"आपली पाळी संपली. मशीन बंद करायचं नाही. चार्ज द्या!"

भिकनने आधी मास्तरांकडे पाहिलं, मग शेठकडे. मग तो ताठ चालत शेठसमोर गेला आणि म्हणाला, "ही पश्चिमेची बाजू. इथे धागा तुटतो. लक्ष ठेवा." भिकनने त्यांना हाताला धरून स्टेजभर फिरवलं. "हा खजिना. इथे तेल गळतं." खाली लोक लोळायला लागले. मागोमाग लाहोरची सगळी फौज आपापल्या दिल्लीवाल्याला धरून स्टेजभर फिरवायला लागली, चार्ज द्यायला लागली. भिकनने शेवटी आपली तलवार शेठच्या हातात ठेवली आणि वाट बघत उभा राहिला.

आता देवरेशेठ कोण? शेठ होण्याआधी त्यांनीही मशीन चालवलेलं. मी आणि त्यांनी एका खात्यात घाम गाळलाय. अंगात मुरलेलं कुठे जातं? शेरवानीतल्या त्या माणसाच्या तोंडून आपसूक निघालं, "घेतला चार्ज."

आणि म्हटल्याबरोबर स्वतःच हसायला लागले. पोट धरून. रागाची गोष्टच संपली. पडला कोणी नाही, हरला कोणी नाही, दिल्लीची गादी मात्र हातातून हातात गेली. मास्तर गादीवरून उठले, आपला मुकुट काढला आणि शेठच्या डोक्यावर ठेवायला निघाले. हात पोचेना. शेठ वाकले. चारशे माणसांसमोर देवरेशेठ वाकले आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

मी पडदा टाकणार तोच मास्तरांनी हात वर केला. पुढे येऊन म्हणाले, "मंडळी, हे असं झालेलं नाही. आरामशाह दिल्लीबाहेरच्या मैदानात हरला. हे लिहिलेलं आहे. पुढे त्याचं काय झालं, ह्यावर एकमत नाही. कोणी काही म्हणतं, कोणी काही. जिथे नक्की कोणालाच माहीत नाही, तिथे आज आम्ही थोडं बोललो. तेवढं माफ करा." मग साहेबांकडे वळून हात जोडले. "आणि साहेब, सुलतानाला रिलीव्हर मिळाला. मी अजून डबल ड्यूटीवर आहे."

साहेबांनी शेजारच्याला विचारून घेतलं, डबल ड्यूटी काय, रिलीव्हर काय. समजल्यावर बराच वेळ हसले आणि म्हणाले, "बघतो."

सरकारातलं "बघतो" म्हणजे काय ते आम्हाला माहीत. रात्री मी मास्तरांना तसं म्हटलंही. ते दाढीचा डिंक खोबरेल तेलाने काढत होते. म्हणाले, "दौलतराव, तुम्ही आज हरलेल्या राजाला राजा म्हणालात. मी ऐकलं विंगेतून. 'वा राजे,' असं." मी म्हणालो नव्हतो. म्हणालो असेन तर पडद्याच्या दोरीला म्हणालो असेन.

दिवाळी झाली. सुट्टी संपून शाळा उघडली आणि मास्तरांनी मला बोलावलं, वर्गाच्या खिडकीची कडी निसटली होती. मी पाना घेऊन खिडकीबाहेर उभा. आत मास्तर शिकवत होते, उभे, आमसूल गालात. आणि दारात एक तरुण बाई येऊन थांबली. खांद्याला पिशवी, हातात कागद. पालघरकडची, मोरे आडनाव. म्हणाली, "सर, मी इतिहासाला आलेय. नवीन."

मास्तरांचं वाक्य अर्ध्यावर थांबलं. पण थांबलं म्हणजे किती? आमसूल एका गालातून दुसऱ्या गालात जाईपर्यंत. मग त्यांनी वाक्य पुरं केलं, खडू हातातच ठेवला आणि म्हणाले, "या. आधी फेरी मारू."

बाकांमधून त्यांनी तिला फिरवलं. "ही शेवंता. हिला फळ्यावरचं दिसत नाही, पण सांगत नाही. पुढे बसवा. हा हुशार आहे, पण विचारल्याशिवाय बोलत नाही. ह्या बाकाचा खिळा वर आलाय, फ्रॉक फाटतात. खिडकी दौलतराव दुरुस्त करताहेत." मी बाहेरून मान हलवली. मोरेबाई आधी गोंधळली, मग मन लावून ऐकायला लागली. शेवटी फळ्यापाशी आल्यावर मास्तरांनी खडू पुढे केला. "आपण ऐबकापर्यंत आलोय. तो नुकताच पडलाय घोड्यावरून. पुढची अर्धी ओळ आहे. जरा थांबा तिच्यावर." आणि वाट बघत उभे राहिले.

बाईने वर्गाकडे पाहिलं. पहिल्या बाकावरून सगळी पोरं एकदम कुजबुजली, "घेतला चार्ज म्हणा, बाई!"

"घेतला चार्ज, सर," मोरेबाई म्हणाली आणि खडू घेतला.

मास्तर बाहेर आले. व्हरांड्यात माझ्यापाशी थांबले नाहीत, का ते मला कळलं. डागाचा शर्ट, हात रिकामे, फाटकाकडे चालत गेले. आतून बाईचा आवाज आला, "तर मुलांनो, आरामशाह कोण?" आणि सगळा वर्ग एका दमात ओरडला. निम्मे लाहोर, निम्मे दिल्ली.

फाटकापाशी मास्तर ते ऐकायला थांबले. मी मुद्दाम त्यांच्या पायांकडे पाहिलं. चपला पायातच होत्या.